बावीस मिनिटांचा थांबा

१

डेपोत त्यांना सगळे मिनिटे म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते हजेरीपटाबाहेर कुणाला आठवत नसे. चौतीस वर्षं या माणसाने शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं बनवली. कुठल्या थांब्यावर समोर शाळा आहे म्हणून अर्धं मिनिट जास्त लागतं, कुठल्या चढावर गाडी दमते, सगळं त्यांच्या डोक्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी भाजी आणायच्या फेरीचंही वेळापत्रक केलं होतं. बायकोने ते निमूटपणे फ्रिजला लावलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी लिहिली.

बायको म्हणजे ट्रेसरबाई. हे नाव त्यांच्या नकाशांच्या कचेरीतलं. मोजणीवाल्यांनी आणलेल्या कच्च्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि बारीक निबेने रेघ न् रेघ शाईत उतरवायची, हे बाईंचं काम. सव्वीस वर्षं त्यांच्याकडे किनाऱ्याचे तक्ते होते. प्रत्येक खाडी, प्रत्येक खडक त्यांनी हाताने गिरवला होता, आणि समुद्र मात्र एकदाही पाहिला नव्हता. मिनिटे दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी नवा मार्ग सुरू व्हायचा, नाहीतर संप व्हायचा, नाहीतर कुणाचं तरी लग्न निघायचं.

आता डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडा राहतील, मधलं जाईल. सहा महिने, फार तर आठ. आताच बाईंना सरळ रेघ वाकडी दिसायची, आणि समोरच्याच्या तोंडाच्या जागी धुरकट डाग. नवऱ्याशी बोलताना त्या त्याच्या कानाकडे बघत, म्हणजे डोळ्याच्या कडेने तो थोडा तरी दिसे. मग मिनिटे चेष्टा करायचे.

"अगं, हा कान काही नव्याने उगवलेला नाही. जुनाच आहे."

"जुना असेल, पण तोंडापेक्षा बरा आहे," बाई म्हणायच्या.

तेव्हा या खेपेला पुढचं वर्ष नव्हतं. भाड्याची गाडी, तीन दिवस, दोन मुक्काम, आणि समुद्राला लागून जाणारा रस्ता. मिनिट्यांनी चौकटीचे कागद काढले, पेन्सिलीला टोक केलं आणि जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. मार्ग त्यांनी असा आखला की समुद्र सबंध वाटभर बाईंच्या खिडकीच्या बाजूला राहील.

२

डेपोत नवा मार्ग सुरू व्हायच्या आधी मिनिटे एक कोरडी फेरी करत. म्हणजे खुर्चीत बसायचं, मनगटावरचं घड्याळ लावायचं, आणि अख्खा मार्ग मनातल्या मनात चालवायचा, खऱ्या वेळेत. थांबा तीन मिनिटांचा असेल तर तीन मिनिटं बसून राहायचं. नजर समोर, कारण चालवणारा इकडेतिकडे बघत नाही. लोक हसत, पण त्यांचं वेळापत्रक कधी तोंडावर पडलं नव्हतं.

सोमवारी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या, खिडकीकडे तोंड करून. मागे स्टुलावर सामानाची पिशवी. पहिल्या दिवसाचा रस्ता नुसता हमरस्ता होता, त्याची तालीम करायची गरज नव्हती. खरा मामला दुसऱ्या दिवसाचा, किनाऱ्याचा. धक्क्यावर पंधरा मिनिटं, दीपस्तंभापाशी तीस, मग पहिला पूल, दुसरा पूल, आणि शेवटी वाळूची पुळण. कागदावर एकूण दोन तास चोवीस मिनिटं.

"पट्टा लावलास?"

"लावला. हॉर्न वाजवू नका, शेजारीण येईल."

निघाले. मिनिटे वेग सांगत होते, वळणं सांगत होते. बाई बाहेरचं सांगत होत्या. तक्ते त्यांना हातात पाठ होते. "आता खाडी आत शिरते बघा. आता खडक सुरू. इथं फार बारीक निब लागायची, साहेब ओरडायचे." बोलताना त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप रेघ ओढत होता. धक्क्यावर दोघं पंधरा मिनिटं बसून राहिले. दीपस्तंभापाशी बाईंनी पिशवीतून बिस्किटं काढली. मिनिट्यांना वाटलं, आपण हे तीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं, निदान खुर्चीवर बसून तरी. आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं.

"बोललात हेच खूप झालं," बाई म्हणाल्या, आणि अंदाजाने त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं.

पुळणीवर पोचून मिनिट्यांनी घड्याळ पाहिलं. दोन तास सेहेचाळीस मिनिटं.

बावीस मिनिटं जास्त. त्यांनी कागद पुन्हा तपासला, बेरीज पुन्हा केली. डुलकी लागली असणार. या वयात लागते. पण चौतीस वर्षांत त्यांचा कधी दीड मिनिटाहून जास्त फरक आला नव्हता, आणि दुपारच्या जेवणात त्यांचं लक्ष लागलं नाही.

३

मंगळवारी सकाळी ते गाडी ठरवून आले. गाडीवाला मोठा बोलघेवडा. त्याच्या कचेरीत भिंतीवर काचेखाली किनाऱ्याचा जुना छापील नकाशा होता आणि तो नकाशापेक्षा स्वतःच्या गाड्यांचं कौतुक जास्त सांगत होता. मिनिट्यांनी त्याला एकच अट घातली, पुढची काच मोठी हवी.

"काकूंसाठी ना? देतो की. काच अशी आहे, समुद्र मांडीवर येऊन बसेल."

गुरुवारी पहाटेची गाडी पक्की झाली. घरी येऊन त्यांनी पुन्हा खुर्च्या मांडल्या. बावीस मिनिटांचा सोक्षमोक्ष लागल्याशिवाय निघणं त्यांच्या जिवावर आलं होतं. या वेळी त्यांनी दोन पेले कडक चहा घेतला, म्हणजे डुलकीवर खापर फोडायची सोय राहू नये.

धक्का ठीक, दीपस्तंभ ठीक. पहिला पूल वेळेवर गेला. दुसरा पूल ओलांडला आणि बाई म्हणाल्या, "इथं डावीकडे घ्या."

"डावीकडे समुद्र आहे. बुडवतेस की काय?"

"रस्ता आहे. घ्या ना."

मिनिटे हसले आणि थट्टेने डावीकडे हात वळवले. चाकाखाली खडी लागल्यासारखा आवाज आला. खालच्या रस्त्यावर कुणीतरी वाळू उतरवत असेल. मग बाईंची खुर्ची करकरली, जशी कुणी उठल्यावर करकरते.

"पाणी देऊ का?" त्यांनी विचारलं.

उत्तर नाही. नजर समोर ठेवायचा त्यांचा नियम जुना होता, तो मोडायला त्यांना किती वेळ लागला ते त्यांनाच कळलं नाही. मान वळवली तेव्हा बाई खुर्चीतच होत्या. श्वास थोडा लागलेला, केस कपाळावर विस्कटलेले. घड्याळात बावीस मिनिटं पुढे सरकली होती.

"कुठं होतीस?"

"उतरले होते. तुम्हीच नाही का थांबवलीत गाडी?" बाई अगदी सहज म्हणाल्या.

मिनिट्यांनी नेहमीच्या सवयीने बाईंचा चष्मा काढून घेतला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. काचा धुरकटलेल्या होत्या, बोट फिरवल्यावर खरखरत होत्या. त्यांनी बोट जिभेला लावलं. खारट. रडली असेल, त्यांनी स्वतःची समजूत घातली. रडली तरी काचा खारट होतातच की. पण काचा बाहेरच्या बाजूने खारट होत्या.

४

संध्याकाळी बाईंनी कपाटातून एक गुंडाळी काढली. निवृत्त होताना कचेरीने दिलेली, त्यांनीच गिरवलेल्या एका तक्त्याची छापील प्रत.

"रागवायचं नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या पुलाच्या पुढे बघा. भिंग घ्या."

मिनिट्यांनी भिंग घेतलं. किनाऱ्याची रेघ पुलापुढे सरळ जात होती आणि एका जागी तिच्यातून जमिनीचं बोटभरही नाही, नखभर टोक समुद्रात गेलेलं होतं. कडेने खडकांच्या बारीक खुणा, आणि मधून तुटक रेघेची एक पायवाट.

"हे नाहीये," बाई म्हणाल्या. "तीन महिन्यांचं काम होतं. साहेब दुसऱ्या दिवशी तक्ता नेणार होते आणि निबेतून थेंब पडला. खरवडला असता तर कागद फाटला असता. मग मी त्याचं टोक केलं. खडक काढले. पायवाटही काढली, नुसतं टोक खोटं वाटलं असतं."

"तू? शेजारच्या टेबलावरच्यांच्या चुका काढणारी तू?"

"सव्वीस वर्षांत एकदाच. कुणाच्या लक्षात आलं नाही. छापून गेलं. मी रात्री अंथरुणात पडून विचार करायची, तिथं उभं राहिलं तर काय दिसत असेल? माझ्याशिवाय ती जागा कुणाला ठाऊकच नव्हती हो."

मिनिट्यांना हसू येईना आणि रागही येईना. एवढी वर्षं ही बाई अंथरुणात एक आख्खी जागा घेऊन पडत होती, आणि शेजारी आपण उद्याच्या गाड्या मोजत होतो.

"आज गेले होते तिथं," बाई हळूच म्हणाल्या. "मला तिथं सरळ दिसतं. मधला डाग नाही. पाण्याची रेघ आहे ना, लांबची, ती सरळ आहे. पट्टीने ओढल्यासारखी. मी रडले तर नीट बघताही येईना." त्यांनी मिनिट्यांच्या कानाकडे तोंड वळवलं. "बावीस मिनिटं फार थोडी होतात. चाळीस करता येतील का?"

आयुष्यात त्यांनी नवऱ्याकडे वेळ मागितला तो हा पहिल्यांदा. मिनिट्यांना नाही म्हणवेना. पण ज्या जागी आपण बायकोला सोडून येतो, ती जागा मुळात नाहीच, हे त्यांच्या मनातून जाईना. नसलेल्या जागी उतरलेलं माणूस परत गाडीत बसतं ते कशाच्या जोरावर? दोनदा बसली. तिसऱ्यांदा नाही बसली तर?

"बघतो," ते म्हणाले. चौतीस वर्षं प्रवाशांच्या अर्जांवर ते हेच लिहीत आले होते.

५

बुधवारी सकाळी औषधाच्या निमित्ताने ते बाहेर पडले आणि तडक गाडीवाल्याकडे गेले. सहल रद्द करायची. डोळे जायचे ते जातील, पण माणूस घरात राहील. आपण तिला वाचून दाखवू, हात धरून फिरवू, रोज कान दाखवू. त्याची कचेरी गाठायच्या आधीच त्यांनी पुढच्या आठ महिन्यांची रोजची आखणी मनात करून टाकली होती.

"काय झालं हो? काकूंची तब्येत?" गाडीवाल्याने वही उघडली.

"तसंच काहीसं." मिनिट्यांची नजर भिंतीवरच्या नकाशावर गेली. दुसऱ्या पुलापुढे ते नखभर टोक तिथंही होतं. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "इथं कुणी जातं का?"

गाडीवाल्याने वाकून पाहिलं. "जातात की. छान जागा आहे म्हणे."

"म्हणे? तुम्ही नाही गेलात?"

"मला कुठला वेळ!"

"आणि गेलेले लोक परत येतात ना?"

गाडीवाला हसला, पेनने नाव खोडलं. "माझ्या गाड्या तर येतात सगळ्या. वेळेवर येतात."

मिनिटे औषध न घेताच घराकडे सुटले. चालताना त्यांनी स्वतःला चांगलंच झापलं. म्हातारचळ लागलाय. जुना नकाशा, त्यात बायकोची चूक छापलेली, आणि एक बडबड्या माणूस. एवढंच आहे हे सगळं. तरी त्यांची पावलं पळत होती.

६

लॅचच्या किल्लीने दार उघडलं. पुढच्या खोलीत दोन्ही खुर्च्या खिडकीकडे तोंड करून मांडलेल्या होत्या. बाई नव्हत्या.

त्यांनी हाक मारली. स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, झोपायची खोली, मागची गॅलरी. कपाटसुद्धा उघडलं, आणि कपाट उघडताना स्वतःचीच लाज वाटली. बाईंच्या चपला दाराशी होत्या, काठी कोपऱ्यात. ओट्यावर दोन पेले धुऊन पालथे घातलेले.

समोरची शेजारीण वॉशिंग मशीनवाल्याची वाट बघत सकाळपासून दार सताड उघडं टाकून बसली होती.

"काकू? नाही हो, कुणी खाली उतरलं नाही. पण आतून बोलत होत्या कुणाशी तरी. पूल आला, पूल आला. आणि मग म्हणाल्या, इथंच थांबवा." तिने त्यांच्या दाराकडे पाहिलं. "काका, तुम्ही घरात नव्हतात?"

मिनिटे आत आले. त्यांच्या खुर्चीवर वेळापत्रकाचा कागद होता आणि त्यावर बाईंचा चष्मा ठेवलेला. कागदावर दुसऱ्या पुलाखाली बाईंनी एक ओळ घातली होती, चाचपडत, वाकडीतिकडी. ठिकाणाचं नाव नव्हतं. थांबा: बावीस. बावीस खोडलं होतं आणि पुढे काहीच लिहिलं नव्हतं.

मिनिटे भिंतीला धरून उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले, आवाज काढून, कारण ऐकायला घरात कुणी नव्हतं. आपण तिची गाडी रद्द करून आलो. तिला कळलं असेल का? की आपण नुसतं 'बघतो' म्हणालो, तेवढंच पुरलं?

मग त्यांनी तोंड धुतलं, चष्मा पुसून खिशात ठेवला, आणि आपल्या खुर्चीत बसले. पट्टा लावला. घड्याळ लावलं.

एकदा वाटलं, थेट दुसऱ्या पुलापासून सुरू करावं. पण मधूनच सुरू केलेली फेरी कुठेच पोचत नाही, हे त्यांनी किती ड्रायव्हरांना सांगितलं होतं. ते पहिल्यापासून निघाले. धक्क्यावर पंधरा मिनिटं थांबले. पूर्ण पंधरा. एक मिनिट चोरलं नाही. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता. दीपस्तंभापाशी तीस मिनिटं. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्याकडे बघायचं नाही, एवढं एकच त्यांनी धरून ठेवलं. बाहेरचं सांगायला कुणी नव्हतं, म्हणून ते स्वतःच सांगत होते. "आता खाडी आत शिरते. आता खडक. इथं बारीक निब लागायची."

पहिला पूल. दुसरा पूल.

त्यांनी डावीकडे घेतलं.

७

खडी लागली. खिडकीतला उजेड पांढरा झाला, इतका की डोळे बारीक करावे लागले. फ्रिजचा आवाज हळूहळू मोठा होत गेला, मग तो येत-जात राहिला, आणि मग तो फ्रिजचा नव्हता.

टोकाशी बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. अनवाणी. हात पुढे धरून लांबची पाण्याची रेघ बोटाने ओढत होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून.

मिनिट्यांना हॉर्न वाजवायचा होता. हाक मारायची होती. बावीस मिनिटं कधीच उलटून गेली होती, आणि चौतीस वर्षांत त्यांनी गाडी अर्धं मिनिटही जास्त थांबू दिली नव्हती. हिला आता गाडीत बसवून न्यायचं ते कुठे? त्या धुरकट डागात. ते नुसते बघत राहिले.

बाईंनीच मागे वळून पाहिलं. कानाकडे नाही. सरळ त्यांच्या तोंडाकडे. बराच वेळ.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "किती म्हातारे झालात हो तुम्ही! कुणी बोललं नाही मला."

"चल," मिनिटे म्हणाले. "वेळ झाली."

"तुम्ही उतरा की जरा. एकदा तरी उतरा."

चौतीस वर्षं त्यांनी हजारो थांबे लिहिले आणि स्वतः कधी एकाही ठिकाणी उतरले नव्हते. ते बाईंच्या डोळ्यांकडे बघत होते. किती दिवसांनी ते डोळे त्यांच्यावर थांबले होते. मागे, फार लांब कुठेतरी, घरातला फोन वाजत होता.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि डावा हात पट्ट्याकडे नेला. उजव्या हाताने त्यांनी दार चाचपलं. खुर्चीला दार नसतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. हाताला हँडल लागलं, उन्हाने तापलेलं.